ठेंगणं दार

१

आमच्या घराचं दार ठेंगणं आहे. नवीन माणूस आत शिरताना कपाळावर खाल्ल्याशिवाय राहत नाही. तलाठी खाऊन गेला, नर्सबाई खाऊन गेली, मला पाहायला आलेल्यांतला एक जण तर असा जोरात खाऊन गेला की सोयरीक तिथंच मोडली. "वाकून येजा जी!" असं आम्ही आतून ओरडतो खरं, पण पाहुण्याच्या कानात ते शिरेपर्यंत ठक् झालेलं असतं. मला हसू येतं. मी तोंडाची फटकळ, हसू आलं की दाबता येत नाही. याया मग मला डोळे वटारते. आमच्यात आईला याया म्हणतात.

बाबा बुटका होता. त्यानं घर आपल्या मापानं बांधलं आणि आम्हाला वाकायला लावून स्वतः ताठ मानेनं वावरला. माझा भाऊ दिनेश त्याच्यापेक्षा वीतभर उंच झाला, पण या दारानं त्याला एकदाही मारलं नाही. अंगात ताप असो की डोक्यात मोहाची चढलेली असो, उंबऱ्याशी आला की त्याची मान आपोआप खाली जायची. जन्मल्या घराचं दार पाठीच्या मणक्याला माहीत असतं.

त्याचं येणं दारावर नाही, कुंपणावर कळायचं. घराभोवती बांबूचं कुंपण आहे. हातातली काडी त्यावर घासत तो यायचा, टर्रर्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो आवाज आला की याया ताटात भात वाढायला घ्यायची. मी शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवते, दिवसभर भाताच्या वाफेत असते, तरी आमच्या घरातल्या त्या संध्याकाळच्या भाताचा वास मला वेगळा वाटायचा.

धानाची रोवणी आटोपल्यावर दिनेश कोकणात कामाला गेला. समुद्राच्या अगदी काठावर बावीस मजली बिल्डिंग चालली होती. खाली हॉटेल, वर फ्लॅट. फोनवर त्यानं बाहेरच्या मोठ्या बोर्डाचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलं होतं, प्रत्येक खोलीतून समुद्र. यायानं फोन डोळ्याजवळ धरून पाहिला.

"येवढं पानी पाह्याले लोक पैसे देतेत?"

"देतेत न, याया," मी म्हटलं.

"पेता येते काय थे?"

"खारट हाय."

"मंग?" याया म्हणाली आणि फोन मला परत दिला.

दिवाळीनंतर चौदाव्या मजल्याच्या बाहेरची परांची तुटली. आमच्या गावातली रेंज तेव्हा नेमकी गेलेली होती. निरोप आला तोवर तिकडं सगळं उरकलेलं होतं. आम्ही त्याचं तोंडही पाहिलं नाही.

२

आमच्यात माणूस बाहेरगावी मेला तर त्याला आणायला जावं लागतं. प्रेत नव्हे, माणूस. तो जिथं पडला तिथं उभं राहायचं, त्याला हाक मारायची, हाताला येईल तो दगड उचलायचा, नव्या कापडात बांधायचा आणि घरी आणून जुन्या माणसांच्या कोपऱ्यात ठेवायचा. ज्याला आणलं नाही तो तिथंच घुटमळतो. त्याचं बाप-आजांशी मिळणं होत नाही. कोणाला खोटं वाटेल तर वाटो. मला स्वतःला पुरतं खरं वाटत नव्हतं. पण माझा भाऊ त्या खारट पाण्याच्या काठावर एकटा उभा आहे, हा विचार सहन होत नव्हता, हे मात्र खरं.

वारलूकाका आणि मी गेलो. वारलूकाका म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. हाक मारायचा मान त्याचा.

बिल्डिंग पाहायला मान इतकी मागं न्यावी लागली की काकाचा फेटा पडला. एकीकडं कोळ्यांच्या होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, मध्ये पत्र्याचं कुंपण आणि पलीकडं हा डोंगर. तळमजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला एक फ्लॅट सजवून ठेवला होता. आम्हाला वाटेत तिथूनच जावं लागलं. त्याचं दार एवढं उंच, की हत्ती सोंड वर करून आत गेला असता. पांढऱ्या शर्टातला एक जण कोणा बाईसाहेबांना सांगत होता, "मॅडम, हे आलापल्लीचं सागवान आहे." काकानं जाता जाता त्या दारावर हात फिरवला.

"आपल्याकडचाच हाय हा," तो मला म्हणाला. "येवढ्या दूर येऊन बसला बिचारा."

मागच्या बाजूला वॉचमननं जागा दाखवली. सिमेंट, खडी, समुद्राचा वारा. तिथं आधीच झेंडूची वाळलेली फुलं पडली होती आणि उदबत्तीच्या काड्या खोचलेल्या होत्या. सोबतच्या कामगारांनी केलं असेल, असं आम्हाला वाटलं. मला भरून आलं. कोणीतरी माझ्या भावाची आठवण ठेवली, म्हटलं.

हाक मारताना मेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. नात्यानं बोलावतो. वारलूकाका उकिडवा बसला, दोन्ही तळवे जमिनीला लावले आणि म्हणाला, "चाल बेटा. घरी चाल. तुही माय वाट पाहून राह्यली."

एवढंच. आमच्या जंगलात एवढं पुरतं. तिथं कोण कुठल्या झाडाखाली पडला, कोणाची माय कोण, सगळ्यांना ठाऊक असतं.

वाऱ्यानं एक फूल लोळत काकाच्या पायाशी आलं. काकानं तिथलाच दगड उचलला. गुळगुळीत होता, ओला होता.

३

परतीच्या वाटेवर त्याला सगळं सांगत यावं लागतं, नाहीतर वाट चुकतो. कापडात बांधलेला दगड मी मांडीवर घेतला होता. तो जमिनीवर टेकवायचा नसतो. त्याचंही तिकीट काढलं. कंडक्टर म्हणाला, तिसरं माणूस कुठं आहे? काका म्हणाला, हाय न जी, बसला हाय. कंडक्टरनं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिसरं तिकीट फाडून दिलं.

"हा पूल आला बेटा. आता मूल गाव आलं, थे पाय राइस मिलची चिमनी. इथी उतरून दुसरी गाडी पकडाची हाय." काका सांगत होता आणि मी खिडकीतून बाहेर तोंड करून रडत होते. दिनेशला मूल गाव पाठ होतं. त्या मिलमध्ये त्यानं पोती वाहिली होती. त्याला काय सांगायचं, असं मनात आलं. पण मांडीवरचं गाठोडं मूल आल्यावर जड झालं नाही, हलकं झालं नाही, त्याला काहीच ओळख पटल्यासारखं वाटलं नाही. मी स्वतःलाच म्हटलं, दुर्गे, दगड आहे तो.

घरी कोपऱ्यात राख पसरली, त्यावर सूप पालथं घातलं आणि आम्ही सगळे अंगणात झोपलो. आत आलेला माणूस राखेवर खूण सोडतो. सकाळी यायानं सूप उचललं. राखेवर बोटांसारखं काहीतरी उमटलेलं होतं. उंदीर असेल, मी मनात म्हटलं. पण याया खाली बसली आणि त्या राखेला तिनं दोन्ही हात जोडले.

"आला," ती म्हणाली. "आला माहा पोरगा."

तेव्हा मीही रडले. आला, म्हटलं. सुटलो.

४

पहिला ठक् आला तेव्हा मी चुलीशी होते.

दिवस मावळत होता, कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. दाराच्या वरच्या लाकडावर कपाळ आपटावं तसा आवाज झाला. मला सवयीनं हसू आलं. "वाकून येजा जी!" मी ओरडले आणि वळून पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. अंगणातही नव्हतं. कुत्रं शेपूट हलवत बसलं होतं, अनोळखी माणसाकडं पाहून आधी करतं तसं, जरा बेतानं.

लाकूड तडकलं असेल. ऊन उतरलं की जुनं लाकूड बोलतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ठक् झालं. मग रोजच. मी दाराचं लाकूड तपासलं. ना भेग, ना वाळवी. शिडीवर चढून कौलं पाहिली. शेजारणीनं विचारलं, "काय वो दुर्गा, काय हुडकून राह्यली?" मी म्हटलं, "सोनं." दुसरं काय सांगणार?

यायाला मी विचारलं, "आयकू येते काय तुले?"

"येते न."

"काय हाय मंग थे?"

"पोरगा हाय," याया म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं.

तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला होता. मीच ते ताट कोपऱ्यात दगडापुढं नेऊन ठेवलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकदम कळलं की माझ्या छातीत काय टोचतंय.

दिनेशचं कपाळ या दाराला कधीच लागलं नव्हतं.

आणि कुंपण? कुंपण एकदाही वाजलं नव्हतं.

५

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. भित्री नाही मी. रानात अस्वल पुढ्यात आलं तरी शिव्या देणारी बाई आहे. पण अस्वल दिसतं तरी.

ठक् झालं की थोड्या वेळानं माठावरचं झाकण वाजायचं. टिक् टिक्. दोनदा, नखानं वाजवावं तसं. मग काही नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या ताटातला भात आहे तसा राहायचा, पण बाजूला ठेवलेलं मीठ ओलं होऊन पसरलेलं असायचं. दिनेश भातावर वरून मीठ कधी घेत नसे. अळणी असलं तरी खाऊन घ्यायचा, यायाला वाईट वाटू नये म्हणून.

एकदा मी दगडाजवळ वाकून झाडत होते. कानाशी आवाज आला. आधी वाटलं सागाच्या वाळक्या पानांत वारा शिरला. पण पानांचा आवाज थांबतो. हा थांबत नव्हता, जवळ येत होता, लांब जात होता, पुन्हा जवळ येत होता. तो आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, त्या बिल्डिंगच्या मागं. मी झाडणी तिथंच टाकून अंगणात आले आणि उन्हात बसून राहिले. अंगाला ऊन लागलं तसा धीर आला. म्हटलं, बाई गं, आठवण आहे ही. डोक्यात राहिलेला आवाज आहे.

मग त्या संध्याकाळी मी पाणी घेऊन येत होते. डोक्यावर गुंडी, कमरेवर दुसरी. घर दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले.

दारात कोणीतरी उभं होतं. माझ्याकडं पाठ. उंच, दारापेक्षा बराच उंच. गुडघ्यापर्यंत ओलं. दाराच्या वरच्या लाकडावरून तो हात फिरवत होता, हळूहळू, आंधळा माणूस नवीन घरात चाचपडतो तसा. ते खांदे माझ्या भावाचे नव्हते. भावाला मी पाठुंगळीला घेऊन वाढवलं होतं, त्याचे खांदे मला झोपेतही ओळखू आले असते.

ओरडावं, गुंडी फेकून पळावं, असं खूप वाटलं. पण तो इतका अवघडून उभा होता. परक्याच्या दारात उभं राहिल्यावर माणूस जसा अंग चोरतो, तसा. माझ्या तोंडून काय निघावं?

"वाकून येजा जी."

तो वाकला आणि आत गेला.

त्या दिवशी ठक् झालं नाही.

६

मी दोन दिवस आजारी असल्यासारखी पडून राहिले. यायाला सांगायचं कसं? तिचा पोरगा घरी आला, एवढ्या एका गोष्टीवर ती जेवत होती, झोपत होती, शेतात जात होती. आणि मला कळलं होतं, की आमचा दिनेश अजून तिथंच आहे, त्या पत्र्याच्या कुंपणाआड. आणि आमच्या कोपऱ्यात बसून कोण दुसराच जेवतोय. मला त्याचा रागही आला. माझ्या भावाच्या जागेवर बसला मेला, म्हटलं. लगेच जीभ चावली.

तिसऱ्या दिवशी शाळेतून घरी आले तर याया पाटावर उभी राहून दाराशी काहीतरी करत होती. तिनं आपलं जुनं लुगडं फाडून त्याची जाड घडी केली होती आणि ती दाराच्या वरच्या लाकडाला सुतळीनं बांधत होती.

"काय करून राह्यली वो याया?"

"लागते त्याले," याया म्हणाली. "कधी वाकते, कधी भुलते. रोज रोज कपाळ फुटन नाई काय?"

तिनं सुतळीची गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली आणि पाटावरून खाली उतरली.

"याया," मी म्हटलं, "आपल्या पोराले लागत नाई."

"मालूम हाय मले."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून." तिनं पाट उचलून भिंतीला लावला. "जनलं मी त्याले. मले नाई समजन?"

"मंग राख पाहून रडली काऊन? आला म्हनली काऊन?"

याया खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग मात्र तिला रडू फुटलं, अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या इतकं. "कोनाचं तरी लेकरू हाय न वो दुर्गा. येवढ्या दूर आलं. माय वाट पाहून राह्यली म्हनून सांगतलं आपन त्याले. अन् घरी आल्यावर मी का म्हनू, तू नाई पायजे? मी त्याले हाकललं, त माह्या पोराले कोन जेवाले घालन?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वर्षांनी ठेवलं असेल. त्या संध्याकाळी दारावर आवाज झाला तो मऊ, उशीवर बुक्की मारावी तसा.

७

मोह गळायला लागला तेव्हा मिथुन गावी आला. शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. दिनेशच्या खोलीत राहायचा, पण त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या बिल्डिंगवर कामाला होता म्हणून वाचला. मी त्याला मोहाच्या झाडाखालीच गाठलं.

"मिथुन, त्या दिवशी अखीन कोन पडलं होतं?"

तो हातातली फुलं टोपलीत टाकायची विसरला. "तुमाले सांगतलं नाई काय कोनी? दोघं पडले न बाई. दिनेशभाऊ अन् सोमरा. झारखंडचा होता. भल्ला उंच. आमी त्याले लंबू म्हनत होतो."

"त्याच्या घरचे आले होते?"

"आले होते न. तुमच्या आधी. त्याचा मामा आला होता, आपल्यावानीच. फुलं ठेवली, उदबत्ती लावली, हाक मारली अन् माती घेऊन गेला. त्याहीच्यात बी राख पाहतेत म्हने."

"नाव घेऊन हाक मारली?"

मिथुननं आठवून पाहिलं. "नाई. चलो बेटा घर, माँ रास्ता देख रही है, असंच म्हनला."

मी मोहाच्या बुंध्याला टेकून खालीच बसले. आमचा दिनेश पहिल्यापासून उतावळा. कोणी चल म्हटलं की चपला न घालता निघणारा. माय वाट पाहते म्हटल्यावर तो थांबतोय कशाला? पहिल्याच हाकेला उठला असणार. आणि तो बिचारा लंबू मागं राहिला, आमची हाक येईपर्यंत.

"आता तर त्या जागेवर पोहाचा टाका बांधला," मिथुन सांगत होता. "निळं निळं पानी."

त्याच्याकडं सोमराच्या भावाचा नंबर होता. त्यानं तिकडं आधी काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सांजच्याला आमच्या अंगणात रेंज येते त्या कोपऱ्यात उभं राहून त्यानं फोन लावून दिला आणि माझ्या हातात ठेवून निघून गेला. मी स्पीकर चालू केला आणि दारातून घरात आले. याया कोपऱ्याशी बसली होती. आवाज तुटत होता, पण येत होता.

"हलो," तिकडून एक म्हातारी बाई बोलली, सोमराची आई असावी.

"हम दिनेश की बहन बोल रहे. गडचिरोली से."

तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

यायानं मला ढोसलं. "विचार तिले, तुमचं दार उंच हाय काय?"

"काय विचारून राह्यली हे, याया?"

"विचार म्हनते न मी!"

मी विचारलं. ती बाई म्हणाली, "हाँ, ऊँचा है. सोमरा लंबा था ना. उसके बाप ने उसके लिए ऊँचा करवाया."

यायाला मी समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. "आपला वाकतच जाते, त्याले काई तरास नाई."

तेवढ्यात आमच्या दारावर तो मऊ आवाज झाला. मी फोन छातीशी धरला. माठावरचं झाकण वाजलं. टिक् टिक्.

फोनमधला श्वास थांबला.

"उधर," ती बाई हळूच म्हणाली, "पानी कौन पी रहा है?"

मी फोन यायापुढं धरला. याया पुढं सरकली आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन आपल्याच बोलीत म्हणाली, "पेऊ द्या बाई. पोटभर जेवते तो इथी. मीठ लागते त्याले, थे बी ठेवतो आमी."

तिला किती कळलं माहीत नाही. ती रडत होती, एवढं कळलं. मग तिच्या रडण्याच्या मागून, खूप लांबून, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज आला.

टर्रर्र.

यायानं फोनकडं पाहिलंही नाही. तिचा हात आपोआप भाताच्या भांड्याकडं गेला. तिनं ताट ओढलं आणि वाढायला लागली. वाढता वाढता हात थांबला, आणि ती माझ्याकडं वळली.

"जेवला काय, विचार."

मी विचारलं.

"अभी तो आया है," ती बाई म्हणाली. तिकडंही भांडं वाजलं. "परोस रही हूँ."

यायानं ताट दगडापुढं ठेवलं, मीठ बाजूला ठेवलं आणि पदर सावरून त्याच्या समोर बसली, जेवणाऱ्याजवळ बसतात तशी. मी फोन दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. दोन्हीकडची जेवणं होईपर्यंत तो कोणीच कापला नाही.